ऐलतीर फ्रान्स, पैलतीर जर्मनी: दोन देशांत पसरलेली बाग चालते तरी कशी?

पुलाच्या बरोबर मधोमध एक चौकासारखी मोकळी जागा आहे, तिथे जरा वेळ टेकलं की मोबाईल बावचळतो. आधी मेसेज येतो फ्रान्समध्ये तुमचं स्वागत आहे, दोन मिनिटांनी जर्मनीत तुमचं स्वागत आहे, मग परत फ्रान्स, आणि आपण तर जागचे हललेलोही नसतो, नुसते कठड्याला रेलून खालचं पाणी बघत असतो. मला पहिल्यांदा हे झालं तेव्हा हसू आलं आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला की अरे, मी आत्ता नक्की कुठल्या देशात आहे? सीमा म्हणतात ती गेली कुठे?

ही जागा म्हणजे 'दोन तीरांची बाग'. फ्रेंचमध्ये जार्दँ दे दू रीव्ह, जर्मनमध्ये गार्टन डेर त्स्वाय उफर, अर्थ दोन्हीचा तोच. ऱ्हाइन नदीच्या एका काठावर फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग, दुसऱ्या काठावर जर्मनीचं केल नावाचं छोटं गाव, दोन्ही काठांवर मिळून एकच बाग आणि मध्ये नदीवर फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एक पूल. तिकीट नाही, गेट नाही. संध्याकाळी लोक बाबागाडी ढकलत एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि आइसक्रीम खाऊन परत येतात.

दिसायला इतकं साधं आहे की यात समजावण्यासारखं काय असं वाटेल. पण खरं सांगू का, सीमा म्हणजे काय भानगड असते हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं ते या पुलावर दोन-तीन चकरा मारून कळलं. म्हणून हा लेख. बागेतली फुलं वगैरे तुम्ही जाऊन बघा, मी मुख्यतः त्या न दिसणाऱ्या रेषेबद्दल लिहिणार आहे.

आधी पोचायचं कसं ते उरकून टाकू. स्ट्रासबुर्गच्या मध्यवर्ती भागातून ट्रामची डी लाइन पकडायची आणि पोर दू ऱ्हँ नावाच्या स्टॉपला उतरायचं, तिथून बाग चालत आहे. तीच ट्राम पुढे ऱ्हाइन ओलांडून केलच्या रेल्वे स्टेशनला जाते, म्हणजे नेहमीच्या शहरी ट्रामने आपण परदेशात जाऊन येतो. ही सोय एप्रिल २०१७ पासूनची, तिच्यासाठी बेआटुस ऱ्हेनानुस नावाचा वेगळा पूल बांधला, आणि २०१८ मध्ये लाइन अजून पुढे केलच्या नगरपालिकेपर्यंत नेली. माझा सल्ला असा की जाताना बागेतून पायी जायचं आणि परत येताना केलहून ट्राम धरायची, उलट केलं की मजा जाते कारण पूल आधी लांबून दिसायला हवा.

आता मुद्द्याचं. नदी ही सीमा आहे म्हणतो आपण, पण नदी काही रेघ नसते ना, ती इथे जवळपास पाव किलोमीटर रुंद आहे. मग नदीतला कुठला थेंब फ्रान्सचा आणि कुठला जर्मनीचा? याला दोन पद्धती असतात. एक म्हणजे सरळ दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावरची मधली रेघ धरायची. दुसरी म्हणजे नदीच्या तळाशी जिथे सगळ्यात खोल चर असतो, जिथून मोठ्या बोटी जातात, ती रेघ धरायची. या दुसऱ्या रेघेला टालवेग म्हणतात, जर्मन शब्द आहे, टाल म्हणजे दरी आणि वेग म्हणजे वाट, आपल्या गतीवाल्या 'वेगा'शी काही संबंध नाही. १८०१ च्या ल्यूनेव्हिलच्या तहात ऱ्हाइनचा टालवेग हीच फ्रान्सची हद्द असं लिहिलं गेलं.

खोल चरच का? कारण सोपं आहे, भांडण पाण्यासाठी कमी आणि बोटींसाठी जास्त होतं. मधली रेघ धरली आणि बोटी चालण्याजोगं खोल पाणी नेमकं एकाच बाजूला असलं तर दुसऱ्याच्या वाट्याला नुसता उथळ चिखल येणार आणि त्याच्या बोटी कायम शेजाऱ्याच्या दयेवर. खोल चर वाटून घेतला की दोघांनाही बोटी चालवता येतात. हुशारीचा तोडगा आहे, पण त्यात एक गोची आहे: नदीचा तळ हलतो. गाळ साचतो, पूर येतो, चर सरकतो, मग सीमाही सरकायची का?

आणि ऱ्हाइन तर असली बेभरवशाची होती की विचारू नका. आज तुम्हाला बागेतून जी सरळ शिस्तीत वाहणारी नदी दिसते ना ती तशी नव्हतीच मुळी. दोनशे वर्षांपूर्वी या भागात ती दहा फाटे फोडत, बेटं करत, बेटं मोडत, मनाला येईल तशी वळत जायची. शेताच्या बांधावरून भांडणं होतात ती शेजारी रात्रीतून बांध कोरतो म्हणून, इथे नदी स्वतःच बांध कोरत होती, कालपर्यंत या काठाला असलेलं बेट पूर ओसरला की त्या काठाला. मग बाडेन राज्याचा (केल हे तेव्हा बाडेनमध्ये) एक इंजिनिअर, योहान गॉटफ्रीड टुला, त्याने ठरवलं की नदीच सरळ करायची. वळणं कापायची, बांध घालायचे, एकाच पात्रात तिला कोंडायची. १८१७ ला काम सुरू झालं आणि १८७६ पर्यंत चाललं, बासेल ते बिंगेन ही नदीची लांबी ३५४ किलोमीटर होती ती २७३ झाली, म्हणजे ८१ किलोमीटर नदी चक्क गायब. टुला स्वतः हे पूर्ण झालेलं बघायला नव्हता, तो १८२८ लाच गेला, आणि गंमत म्हणजे फ्रान्सशी लागलेली नदी सरळ करणारा हा जर्मन माणूस वारला पॅरिसमध्ये आणि त्याची कबरही तिथेच आहे, मोंमार्त्रला.

टुलाने केलं ते पुरासाठी, मलेरियासाठी, शेतीसाठी, हे सगळं खरं, पण सीमेच्या दृष्टीने त्याचा मोठा परिणाम असा झाला की हलणारी रेघ एका जागी बसली. आपण ज्या रेघेला 'नैसर्गिक सीमा' म्हणतो ती निदान इथे तरी फावडी आणि कुदळी घेऊन बनवलेली आहे.

आता पुलांकडे या, कारण मला विचाराल तर या जागेची सगळी गोष्ट पुलांमध्येच आहे.

केलला ऱ्हाइनवर रेल्वेचा पहिला कायमचा पूल झाला १८६१ मध्ये. आणि तो कसा होता माहितीये? दोन्ही टोकांना पुलाचा एकेक तुकडा फिरता ठेवला होता. म्हणजे युद्धाची चाहूल लागली की आपल्या बाजूचा तुकडा फिरवायचा, पूल तुटला, शत्रूची गाडी येऊ शकत नाही. दोघांनी मिळून पूल बांधला आणि दोघांनीही तो तोडायची सोय पहिल्या दिवसापासून करून ठेवली! म्हणजे लग्नाच्या पत्रिकेसोबतच वकिलाचं कार्ड छापून घेतल्यासारखं झालं. आणि तेवढ्यानेही भागलं नाही, १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटल्यावर बाडेनच्या सैन्याने आपल्याकडचा भाग सरळ सुरुंग लावून उडवला.

त्यानंतरचं शतक या काठांवर राहणाऱ्यांसाठी भयानक होतं. स्ट्रासबुर्ग १६८१ पासून फ्रान्सकडे होतं, १८७१ ला फ्रान्स युद्ध हरल्यावर स्ट्रासबुर्ग ज्यात आहे तो आल्सास प्रांत जवळपास आख्खा जर्मनीकडे गेला, १९१८ ला परत फ्रान्सकडे, १९४० ला हिटलरने परत गिळला, आणि २३ नोव्हेंबर १९४४ ला फ्रेंच जनरल लक्लेर्कच्या रणगाड्यांनी स्ट्रासबुर्ग सोडवलं. समजा १८६५ मध्ये जन्मलेली एखादी बाई ऐंशी वर्षं त्याच गल्लीत राहिली असेल तर घर न बदलता तिचा देश चार वेळा बदलला. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात तर असं कलम होतं, ६६ नंबरचं, की आल्सासच्या हद्दीतले ऱ्हाइनवरचे सगळे पूल पूर्ण लांबीसकट फ्रान्सच्या मालकीचे. अर्धा पूल नाही, पूर्ण. आणि ३५८ नंबरच्या कलमाने ऱ्हाइनचं पाणी वीज बनवायला वापरायचा हक्कही फ्रान्सला एकट्याला दिला, म्हणून या पट्ट्यात वरच्या अंगाला जी जलविद्युत केंद्रं दिसतात ती फ्रेंच बाजूला आहेत. नंतर १९७० च्या दशकात गांब्सहाइम आणि इफेत्सहाइम ही शेवटची दोन मात्र दोघांनी मिळून बांधली.

केलची कहाणी कमी लोकांना माहिती असते. स्ट्रासबुर्ग सुटलं त्याच दिवशी केलमधल्या सगळ्या लोकांना गाव सोडावं लागलं, आणि युद्ध संपल्यावरही त्यांना परत येता आलं नाही, कारण फ्रान्सने केल ताब्यात घेऊन ठेवलं आणि तिथे फ्रेंच लोक राहायला आले. १९४९ पासून एकेक गल्ली, एकेक वस्ती असं करत तुकड्यातुकड्याने गाव परत दिलं, शेवटचा तुकडा १९५३ ला मिळाला. आज ज्या काठावर पोरं कारंज्यात भिजतात तिथे ही परिस्थिती होती, आणि ते आठवणारी माणसं अजून आहेत. त्यामुळे पुलावरून रमतगमत चालणं या लोकांसाठी किती मोठी गोष्ट असेल याचा नुसता अंदाज करायचा.

१९६० मध्ये गाड्यांसाठी 'युरोप पूल' झाला, तो आजही बागेच्या शेजारीच आहे, ट्रॅफिकने भरलेला. आणि मग २००४. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात राज्यपातळीचं उद्यान प्रदर्शन भरवायची पद्धत आहे, एखादं गाव निवडायचं, तिथली पडीक जागा सुधारायची, काही महिने प्रदर्शन आणि नंतर ती बाग गावाला कायमची. २००४ ला केलची पाळी होती आणि त्यांनी ते शेजारच्या स्ट्रासबुर्गला सोबत घेऊन केलं, दोन देशांत मिळून असं प्रदर्शन पहिल्यांदाच. बागेचा आराखडा जर्मन लँडस्केप आर्किटेक्ट र्‍युडिगर ब्रॉस्कने केला आणि पूल पॅरिसच्या मार्क मिमरामने. फ्रेंच बाजूला तोवर बहुतेक बंदराचा, गोदामांचा भाग होता, शहराने नदीकडे पाठ फिरवलेली होती असं म्हणा ना, सीमेजवळ कोण कशाला घर बांधेल.

मिमरामचा पूल नीट बघा. एक नाही, दोन वाटा आहेत त्याला. एक ३८७ मीटर लांब, हळूहळू चढणारी, सायकल आणि व्हीलचेअरला चालेल अशी. दुसरी २७५ मीटरची, कमानीसारखी, टोकांना पायऱ्या, फक्त चालणाऱ्यांसाठी. या दोन वाटा काठांवर वेगवेगळ्या ठिकाणाहून निघतात आणि नदीच्या मधोमध एकमेकींना भेटतात, तीच ती चौकासारखी जागा जिथे माझा मोबाईल गोंधळला. आता १८६१ चा पूल आठवा. तो हवा तेव्हा तोडता यावा म्हणून बनवला होता, हा मधोमध थांबावं म्हणून बनवलाय. पलीकडे जायला एवढ्या सगळ्या उपद्व्यापाची काही गरज नव्हती, एक सरळ साधा पूल चालला असता आणि खर्चही कमी आला असता. पण जिथे आतापर्यंत कुणी थांबत नव्हतं, थांबू देत नव्हते, तिथेच थांबायला जागा केली. इंजिनिअरिंगमध्ये मला भावनिक व्हायला आवडत नाही पण इथे झालो.

बरं, पूल आहे पण पासपोर्ट बघणारा का नाही? हे शेंगेनमुळे. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक गाव, १४ जून १९८५ ला तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी सही केली: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. ठरलं असं की आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढायची आणि सगळ्या गटाची मिळून जी बाहेरची सीमा असेल तिथे कडक तपासायचं. प्रत्यक्षात ते लागू झालं मार्च १९९५ मध्ये. सोप्पं उदाहरण म्हणजे सोसायटी: आधी प्रत्येक फ्लॅटला वेगळा वॉचमन होता, आता सगळ्यांनी मिळून मुख्य गेटवर एकच वॉचमन ठेवला आणि आतले दरवाजे उघडे. पण दरवाजे उघडे म्हणजे घरं एक झाली असं नाही, हे इथे फार लोक चुकतात. भिंती तशाच आहेत, किचन ज्याचं त्याचं आहे.

आपल्यासारख्या व्हिसावाल्यांना याचा अर्थ काय? तर शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा असला की पुलावर तुमची 'एंट्री' मोजली जात नाही. सिंगल एंट्री व्हिसा असला तरी फ्रान्समधून केलला जाऊन परत आलात तर बिनधास्त, तुम्ही गेटच्या बाहेर गेलेलाच नाहीत. दिवस मात्र एकत्र मोजतात, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, ते फ्रान्समध्ये काढा नाहीतर जर्मनीत. व्हिसाचा अर्ज मुख्य मुक्काम जिथे त्या देशाकडे करायचा, म्हणजे स्ट्रासबुर्गला राहून केलला नुसता फेरफटका मारणार असाल तर फ्रान्सकडे. आणि पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून जाऊ नका, सोबत ठेवा. तपासणी नसते याचा अर्थ कागद लागत नाहीत असा होत नाही, पोलिसांनी विचारलं तर दाखवावे लागतात आणि सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर परत तपासणी सुरू केली. प्रत्येकाला अडवतील असं नाही, पण ट्राममध्ये चढून ओळखपत्र मागू शकतात.

आता त्या भिंती कुठल्या ते सांगतो, हा माझा आवडता भाग.

पाण्याची बाटली घ्या. केलमध्ये घेतली तर त्यावर २५ सेंट डिपॉझिट लागतं, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं. पुलाच्या अलीकडे फ्रान्समध्ये घेतलेल्या बाटलीला ते नाही, ती मशीनमध्ये घातली तर मशीन बाहेर ढकलून देतं. सिगरेट घ्या, फ्रान्समध्ये कर इतका आहे की केलमध्ये तंबाखूच्या दुकानांची रांगच्या रांग उभी राहिलीय आणि गिऱ्हाईक जवळपास सगळं फ्रेंच. साबण, शाम्पू, डायपरसाठी पण लोक पिशव्या घेऊन ट्रामने केलला जातात, शनिवारी ती ट्राम बघा, टुरिस्ट कमी आणि शॉपिंगवाले जास्त. दोन्हीकडे युरोच चालतो (२००२ पर्यंत इकडे फ्रँक, तिकडे मार्क होता), त्यामुळे भाव डोळ्यांसमोर लगेच कळतात, मनात हिशोब करायला नको.

सगळ्यात टोकाचं उदाहरण गांजाचं. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत सज्ञान माणसाने सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ ठेवणं गुन्हा नाही. फ्रान्समध्ये तो गुन्हाच आहे. म्हणजे एकच माणूस, एकच खिसा, एकच पूल, आणि मधल्या चौकापासून दहा पावलं पश्चिमेला टाकली की तो आरोपी. चौकी नाही, बोर्ड वाचायला कुणी लावत नाही, पण कायदा मात्र बरोब्बर त्या रेघेवर बदलतो. सीमा गेली कुठे या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: कुठेही गेली नाही, तिच्यावर उभा असलेला माणूस तेवढा घरी गेलाय.

आणि मग याच्या बरोबर उलट गोष्टी पण आहेत, म्हणजे जिथे फ्रेंच काठ अजून जर्मनसारखा वागतो. आल्सासमध्ये गुड फ्रायडेला आणि २६ डिसेंबरला सुट्टी असते, बाकीच्या फ्रान्समध्ये नसते. कारण जर्मन काळातले बरेच नियम परत फ्रान्समध्ये आल्यावरही या प्रांताने टिकवून ठेवले, त्याला 'स्थानिक कायदा' म्हणतात. फ्रान्समध्ये धर्म आणि सरकार वेगळं करणारा प्रसिद्ध कायदा १९०५ चा, पण १९०५ ला आल्सास फ्रान्समध्ये होता कुठे? म्हणून तो इथे लागूच नाही, आजही नाही, इथल्या पाद्र्यांचा पगार सरकार देतं. रेल्वेचं तर अजूनच भारी आहे, फ्रान्सभर दुहेरी मार्गावर गाड्या डाव्या बाजूने धावतात आणि आल्सासमध्ये उजव्या, जर्मनांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे, मग जुन्या हद्दीपाशी रूळ एकमेकांवरून उडी मारून बाजू बदलतात. माणसांचे पासपोर्ट बदलून शंभर वर्षं झाली, रुळांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

याचा व्यवहारी फायदा एवढाच की जायचा दिवस ठरवताना दोन कॅलेंडरं बघा. रविवारी दोन्हीकडे बहुतेक दुकानं बंद (आल्सासमध्ये तेही स्थानिक कायद्यामुळेच). १४ जुलैला फ्रान्सला सुट्टी, केलमध्ये दुकानं उघडी, त्यामुळे तिथे तोबा गर्दी. ३ ऑक्टोबरला उलट.

मग ही बाग सांभाळतं कोण? माझा समज होता की काहीतरी एक मोठी संस्था असेल, दोन झेंड्यांची. तसं नाही. जमीन ज्या देशात त्याचा कायदा आणि तिथलीच नगरपालिका, स्ट्रासबुर्ग आपला भाग बघतं आणि केल आपला. एक झाड फ्रेंच नियमाने छाटलं जातं, नदीपलीकडचं जर्मन नियमाने. पण मग एकत्र काही करायचं असेल तर? इथेच खरी किचकट गोष्ट येते, की एका देशाच्या नगरपालिकेला दुसऱ्या देशाच्या नगरपालिकेशी परस्पर करार करायचा हक्क मुळात नसतोच, परराष्ट्र व्यवहार हे राजधानीचं काम. म्हणजे ट्रामच्या रुळासाठी पॅरिस आणि बर्लिनला विचारायचं. १९९६ मध्ये कार्ल्सरूहच्या करारामुळे सीमेवरच्या गावांना थेट एकमेकांशी सहकार्य करायची परवानगी मिळाली, मग २००५ मध्ये स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीतला ऑर्टेनाऊ जिल्हा यांचा मिळून एक 'युरोडिस्ट्रिक्ट' झाला. त्यातून छोट्या छोट्या पण कामाच्या गोष्टी निघाल्या. पोर दू ऱ्हँला फ्रेंच आणि जर्मन मुलांसाठी एकत्र पाळणाघर आहे, दोन्ही भाषा बोलणारं. केलमध्ये दोन्ही देशांचे पोलीस आणि कस्टमवाले एकाच ऑफिसात बसतात, आणि नदीवर गस्त घालणाऱ्या बोटीतही दोघं एकत्र असतात. ते कशासाठी ते टालवेग आठवलं की कळेल, चोर बोटीतून पळाला तर खोल चर कुठे आहे ते मोजत बसणार का?

हे सगळं छान छान वाटतंय पण ते किती पातळ आहे हेही याच पुलावर दिसलंय. ४ एप्रिल २००९ ला नाटोच्या साठाव्या वर्षाची परिषद स्ट्रासबुर्ग आणि केलमध्ये मिळून झाली आणि सगळे नेते केलच्या काठावरून हा पूल चालत आले, मधोमध फ्रान्सचे सार्कोझी त्यांना भेटले, हस्तांदोलन, फोटो. (इटलीचे बर्लुस्कोनी काठावर फोनवर बोलत राहिले आणि अँगेला मेर्केल वाट बघत उभ्या, ते दृश्य तेव्हा जगभर गाजलं होतं.) मैत्रीचा सोहळा होता पण त्यासाठी सगळा परिसर पोलिसांनी बंद केलेला, आणि त्याच दिवशी आंदोलनात युरोप पुलाजवळचं जुनं, वापरात नसलेलं सीमाचौकीचं ऑफिस आणि एक हॉटेल जाळलं गेलं.

आणि मग मार्च २०२०. कोरोना आल्यावर जर्मनीने १६ मार्चला सीमेवर तपासणी सुरू केली, हा पायी पूल बंद झाला, ट्राम नदीच्या अलीकडेच थांबायला लागली. फ्रेंच काठावर राहून केलमध्ये नोकरी करणारे, एका काठावर मुलगी आणि दुसऱ्या काठावर आई अशी असंख्य घरं इथे आहेत, कारण पंचवीस वर्षांत लोक विसरूनच गेले होते की मध्ये काही आहे. १५ जूनला उघडलं. तीन महिने. शेंगेनच्या नियमातच ही तरतूद आहे की गंभीर कारण असेल तर कुठलाही देश तात्पुरती तपासणी परत आणू शकतो, म्हणजे सोसायटीतल्या दरवाज्यांची कुलपं काढलेली नाहीत, फक्त लावलेली नाहीत.

जाता जाता अजून एका बागेचं नाव सांगतो कारण ती या बागेची उलटी बहीण आहे. जर्मनी आणि पोलंडच्या मध्ये नाइसे नदीवर मुस्काऊ पार्क आहे, प्रिन्स प्युक्लर नावाच्या एका हौशी सरदाराने १८१५ पासून तीस वर्षं खपून बनवलेलं, त्यात इतका पैसा ओतला की शेवटी कर्जापायी इस्टेटच विकावी लागली. तेव्हा नदी बागेच्या मधून वाहणारी शोभा होती. १९४५ ला तीच नदी सीमा झाली आणि बाग कापली गेली, मोठा हिस्सा पोलंडमध्ये. इथे स्ट्रासबुर्गला आधी सीमा होती आणि तिच्यावर बाग शिवली, तिथे आधी बाग होती आणि तिच्यातून सीमा फाडली. योगायोग असा की मुस्काऊला युनेस्कोचा दर्जा मिळाला तेही २००४ लाच.

बरं, तुम्ही जाणार असाल तर शक्यतो दुपारी उशिरा जा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर नदी भरलेली असते, कारण इथे पाणी मुख्यतः आल्प्सच्या वितळणाऱ्या बर्फाचं. केलच्या बाजूला वाइसटानेनटुर्म म्हणून लाकडी मनोरा आहे, सिल्व्हर फरच्या खोडांचा, चाळीस मीटरहून उंच आणि चढायला दोनशेच्या वर पायऱ्या, गुडघे बरे असतील तरच चढा, पण वरून दोन्ही काठ एका नजरेत येतात आणि स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलचं एकच टोक (दुसरं कधी बांधलंच नाही) स्पष्ट दिसतं. खाली उतरून मग पुलाच्या मधल्या चौकात जाऊन बसा, घाई करू नका.

तिथून खाली लांबच लांब मालवाहू बोटी जाताना दिसतात, डच, जर्मन, स्विस, फ्रेंच झेंड्यांच्या. त्यांच्यासाठी इथे फ्रान्स आणि जर्मनी असं काही नाहीच. नेपोलियनच्या युद्धांनंतर युरोपातल्या देशांची जी परिषद भरली त्या १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये ऱ्हाइनसाठी एक आयोग नेमला गेला, तो अजून चालू आहे आणि त्याचं ऑफिस याच स्ट्रासबुर्गमध्ये आहे, आणि १८६८ च्या मानहाइम करारापासून या नदीवर बोटीला टोल नाही. वर माणसांसाठी पुलांचे तुकडे फिरत होते, सुरुंग लागत होते, पासपोर्ट बदलत होते, आणि खाली कोळसा आणि खडी शांततेच्या काळात तरी फुकट जात होती. काठावर किलोमीटरचे आकडे लावलेले असतात, देशाप्रमाणे नाही तर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कोन्स्टान्त्स शहरातल्या पुलापासून शून्य धरून मोजलेले. बागेपाशी आकडा २९३ च्या आसपास असतो आणि समुद्राला पोचेपर्यंत तो १०३६ होतो. टालवेग धरून जाणारी बोट तासन् तास अगदी सीमेवरूनच जात असते, आणि डेकवर एखादा माणूस निवांत कपडे वाळत घालताना दिसतो.